आयचा वाटा

आमच्या गावाचं नावच मुळी मर्यादा. शीव म्हणजे हद्द, वेस. त्याचं इंग्रजीत 'सायन' झालं आणि बाहेरच्यांना वाटायला लागलं, की इथे कुठला तरी पवित्र डोंगर असावा. डोंगर नाही, टेकडी आहे. तिच्यावरचा किल्ला गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळातला, म्हणजे 1669 ते 1677 च्या दरम्यानचा. अलीकडे इंग्रजांची मुंबई, पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी, आणि मधे डोळ्यांत तेल घालून बसलेला हा किल्ला. 1737 ते 39 च्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी पलीकडचा शेजारी बदलला. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीही घेतली, आणि जिच्यासाठी एवढा दारूगोळा साठवला ती हद्दच उरली नाही.

असं इतिहासाची पुस्तकं म्हणतात. पुस्तकं लिहिणारे रात्री साडेबाराला मुलुंडहून रिक्षाने आलेले दिसत नाहीत. पाऊस पडतोय, रस्ता मोकळा आहे, हातात दोन पिशव्या आहेत, आणि रिक्षावाला शांतपणे सांगतो, "इसके आगे नहीं जाता." उपनगरातली रिक्षा शीवेला थांबते. बेस्टची वीज शीव-माहीमला थांबते. 1990 पासून जिल्हाही इथेच थांबतो. आमचं स्टेशन पूर्वी 'कोळीवाडा' होतं, आता गुरू तेग बहादूर नगर आहे. फाळणीनंतर इथे आलेल्या पंजाबी मंडळींनी बेसन-ओवा लावून तळलेली कोळंबी 'कोळीवाडा' या नावाने देशभर पोचवली. आमच्या आयने तिला कोळंबी म्हणून आजतागायत मान्यता दिलेली नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं, की पिढ्यान्‌पिढ्या हद्दीवर राहिलेल्या माणसाला घरातल्या एका संगणकावर चार मर्यादा घालता येऊ नयेत, ही मोठी नामुष्कीची गोष्ट आहे.

संगणक घरात एकच. चार जीबी मेमरीचा, वयाने आमच्या पोराच्या पाठचा भाऊ शोभेल असा. विंडोजने त्याला वृद्धापकाळामुळे नाकारलं तेव्हा पोराने त्यावर लिनक्स घातलं, वर एक्सएफसीई नावाचं हलकंसं डेस्कटॉप. "पप्पा, आता पळेल बघा." पळालं. वापरणारे तीन. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला पोरगा, सीएच्या परीक्षेसाठी आमच्याकडे राहायला आलेली भाची, आणि मुद्रितशोधनावर पोट असलेला मी. बायकोला तिच्या ऑफिसने लॅपटॉप दिलाय. त्यावर तिला पडद्यामागचं चित्रसुद्धा बदलता येत नाही, पण तो तिचा प्रश्न.

लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला एक नंबर असतो. आपली मोजणी तिथे हजारापासून सुरू होते. यंत्र पोराने बसवलं म्हणून तो 1000. भाची लाघवी, तिने आधी खातं उघडून घेतलं, म्हणून ती 1001. घराचा कर्ता पुरुष 1002.

दिवाळी अंकांची मुद्रितं गणपतीच्या आसपास येऊन आदळतात. तशा एका रात्री मी तीनशे पानांचा अंक उघडून बसलो होतो. मधे जेवायला उठलो. पोराने 'स्विच युजर' करून स्वतःचं खातं उघडलं आणि कॉलेजचा कसला तरी प्रोग्रॅम बांधायला घेतला. त्यासाठी 'मेक' नावाची आज्ञा असते. तिला 'जे' हे अक्षर लावून पुढे आकडा दिला, तर एका वेळी तेवढीच कामं सुटतात. पोरगा आकडा द्यायला विसरला. आकडा नसेल तर 'मेक' त्याचा अर्थ 'होऊन जाऊ दे' असा घेते. चार कोअरच्या त्या म्हाताऱ्यावर एकदम शेकडो कामं चढली. माउसचा बाण जागच्या जागी गोठला. हार्ड डिस्कमधून जात्यावर हरभरे भरडल्यासारखा आवाज यायला लागला.

मेमरी अगदी संपली की लिनक्सच्या गाभ्यातून एक मारेकरी बाहेर पडतो. हे मी रागाने म्हणत नाही, त्याचं अधिकृत नावच 'ओओएम किलर' आहे. तो सगळ्या चालू कामांना गुण देतो. ज्याने जास्त मेमरी धरलीय त्याला जास्त गुण, आणि ज्याला सगळ्यात जास्त गुण त्याचा मुडदा. पोराची शेकडो कामं, पण प्रत्येकाचा जीव मांदेलीएवढा. माझा तीनशे पानांचा अंक एकटाच, घोळीसारखा पसरलेला. गर्दी त्यांनी केली, गळा माझा कापला गेला. लिब्रेऑफिस दर दहा मिनिटांनी सुटकेपुरती एक नक्कल ठेवतं, तशी ती होती. पण शेवटच्या नऊ मिनिटांत मी एका ज्येष्ठ लेखकाच्या वाक्यातलं क्रियापद शोधून काढलं होतं. ते पुन्हा सापडलं नाही. अंकात ते वाक्य तसंच, क्रियापदावाचून छापलं गेलं. समीक्षकांनी त्याचं कौतुक केलं, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, या घरात शिस्त आली पाहिजे.

लिनक्समध्ये शिस्तीची सोय जुनी आहे. 'यूलिमिट' या आज्ञेला 'ए' हे अक्षर लावून दिलं की आपल्यावर काय काय बंधनं आहेत त्याची यादी येते. कामं किती सुरू करायची, फाइली किती उघडायच्या, मेमरी किती धरायची. प्रत्येक बंधनाला दोन आकडे असतात. एक सॉफ्ट, एक हार्ड. लागू असतो तो सॉफ्ट, पण तो आपला आपण वाढवू शकतो, हार्डपर्यंत. म्हणजे "आता पुरे हं" असं बायको म्हणते तो सॉफ्ट, आणि भातच संपतो तो हार्ड. हार्ड आकडा साध्या वापरकर्त्याला कमी करता येतो, पण एकदा कमी केला की त्याच्या हाताने परत वाढत नाही. मी एकदा आयसमोर तंबाखू सोडली होती, तेव्हापासून हा प्रकार मला ठाऊक आहे.

फाइलींचा सॉफ्ट आकडा 1024 दिसला. एवढाच का, म्हणून खणत गेलो तर 1983 साल लागलं. त्या वर्षी आपण वर्ल्ड कप जिंकला आणि तिकडे बर्कलीच्या युनिक्समध्ये 'सिलेक्ट' नावाची सोय आली. एकाच वेळी अनेक फाइलींवर लक्ष ठेवायची. पुढे सगळीकडे ती जो तक्ता वापरायला लागली, त्यात खणच 1024. काळ पुढे गेला, नव्या सोयी आल्या, 2018 च्या डिसेंबरात 'सिस्टिमडी' या लिनक्सच्या व्यवस्थापकाच्या 240 व्या आवृत्तीने हार्ड आकडा पाच लाखांच्या वर नेला. सॉफ्ट मात्र 1024 च ठेवला. न जाणो, कुठे तरी कुणी जुना प्रोग्रॅम तो तक्ता मांडून बसला असेल आणि 1025 वी फाइल त्याच्या डोक्यात जाईल. हे वाचल्यावर मला रिक्षावाल्याचा राग थोडा कमी आला. तोही कुणाचा तरी तक्ता सांभाळत असणार.

कामांच्या आकड्यावर बंधन का लागतं, त्याचा दाखला तर माझ्याच धंद्यातला निघाला. 'फोर्क बॉम्ब' नावाची एक ओळ आहे, मोकळ्या जागा धरून तेरा खुणांची. तिच्यात अक्षर एकही नाही. अपूर्णविराम, कंस, महिरपी कंस, उभा दंड, अँपरसँड, अर्धविराम, बस्स. ती चालवली की एका कामाची दोन होतात, दोनाची चार, आणि बघता बघता यंत्र आडवं. तीस वर्षं मी लोकांना ओरडून सांगतोय, की विरामचिन्हं जपून वापरा. आता पुरावा मिळाला.

या सगळ्या मर्यादा कायमच्या लिहून ठेवायची वही म्हणजे 'लिमिट्स डॉट कॉन्फ' नावाची फाइल. एका ओळीत चार रकाने. कुणाला, सॉफ्ट की हार्ड, कसली, किती. वहीत काही नमुन्याच्या ओळी दिलेल्या असतात, पुढे जाळीची खूण लावून निकामी केलेल्या. त्यातली एक म्हणते, विद्यार्थी गटाला जास्तीत जास्त 20 कामं. पुढच्या दोन म्हणतात, शिक्षकांना सॉफ्ट 20, हार्ड 50. वाचून बरं वाटलं. जगात कुठे तरी शिक्षकांना अजून काही तरी जास्त मिळतं. आणखी एक ओळ प्रत्यक्ष वापरात घ्यायच्या मेमरीची होती, 'आरएसएस' नावाची. तिच्यावर मी भलताच खूश झालो. मग मदतीच्या पानावर वाचलं, की 2.4.30 पासून पुढचं कुठलंच लिनक्स तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. ओळ लिहायची सोय आहे, पाळायची नाही. जिन्याच्या कोपऱ्यात 'येथे थुंकू नये' लिहिलेलं असतं तसं. पाटी काढत नाहीत, कारण पाटीखालीच थुंकायची लोकांना सवय झालेली असते.

मी उदार मनाने ठरवलं, पोरगा विद्यार्थी असला तरी त्याला शिक्षकाचे 50 देऊ. नमुन्यातली एक ओळ घेतली, पुढची जाळी पुसली, 'हार्ड' ठेवलं, कामांच्या संख्येसाठी 'एनप्रॉक' लिहिलं, 50 लिहिलं. ओळीच्या सुरुवातीला एक तारका होती. ती मी राहू दिली. मुद्रितशोधकाला तारका दिसली की तो पानाच्या तळाशी बघतो. तळाशी टीप नव्हती. असेल कुठे तरी पुढच्या पानावर, असं म्हणून मी फाइल बंद केली.

लिमिट्स डॉट कॉन्फमध्ये तारकेचा अर्थ 'सगळे' असा होतो.

सकाळी भाची लॉगिन करायला गेली. पासवर्ड घेतला, पडदा काळा झाला, आणि पुन्हा लॉगिनचीच चौकट समोर. तिला वाटलं पासवर्ड चुकला. पाच वेळा चुकला. मग पोराने करून पाहिलं, मग मी. काळा पडदा, चौकट. काळा पडदा, चौकट. सार्वजनिक संडासाचं दार आतून बंद असताना बाहेर जशी शांतता पसरते, तशी पसरली. 'एनप्रॉक' नुसती कामं मोजत नाही, त्या कामांचे धागेही मोजतं, हे मला मागाहून कळलं. हल्लीचं साधं डेस्कटॉपही पडद्यावर यायच्या आधी पन्नास धागे सहज खातं. ती नमुन्याची ओळ ज्या काळात लिहिली गेली, तेव्हाचा विद्यार्थी वीस कामांत पदवीधर होत असावा.

"पप्पा, तुम्ही काय केलं?"

"शिस्त लावली."

पोराने कंट्रोल, आल्ट आणि एफ3 एकदम दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. तिथे चित्रं नाहीत, पट्ट्या नाहीत, त्यामुळे पन्नासांत भागतं. त्याने वही उघडली, माझी ओळ पाहिली आणि बराच वेळ काही बोलला नाही. त्याचे आजोबा बिघडलेल्या होडीच्या इंजिनाकडे तसंच बघत असत.

संध्याकाळी त्याने मला समोर बसवलं. "पप्पा, ही जुनी पद्धत एकेका माणसाला आकडा देते. बाजूला दुसरं कुणी आहे की नाही, ते बघतच नाही. मी एकटा बसलो असलो तरी पन्नासच. त्यापेक्षा सी-ग्रुप वापरू." 2006 मध्ये गूगलमधल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ या दोघांनी हे काम सुरू केलं, आणि 2008 च्या जानेवारीत ते 2.6.24 या आवृत्तीतून लिनक्सच्या गाभ्यात आलं. लॉगिन केलेल्या प्रत्येक वापरकर्त्याचा आता एक 'स्लाइस' बनतो, म्हणजे काप. त्याची सगळी कामं त्याच कापात. मग कापाकापांत वजन वाटायचं. मुळात प्रत्येकाचं 100. दोघं एकदम राबवत असतील तर प्रोसेसर निम्मानिम्मा. एक जण झोपला असेल तर दुसऱ्याला अख्खा. एकाचं वजन 200 केलं तर त्याला दुसऱ्याच्या दुप्पट, पण गर्दी असेल तेव्हाच.

मला ते दोनदा ऐकूनही नीट कळेना. दुसऱ्याला अख्खा कसा? मर्यादा ती मर्यादा.

आय ओट्यापाशी बोंबील साफ करत बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "यात क कलत नाय तुना? वाटा हाय तो."

आयने चाळीस वर्षं बाजारात पाटी लावली. पापलेट नगावर जातं, पण कोळंबी, मांदेली, बोंबील वाट्यावर. "वाटा लावताना आधी बघायचं, समोर गिऱ्हाईक किती उभं हाय. एकलीच असली तर सगला तिलाच द्यायचा. बाकीचा कोनासाठी ठेवायचा, कुजवायला? दोघी आल्या का दोन करायचं. ती डॉक्टरीन बाय रोजची, तिचा जरा मोठा. पण ती नाय आली तर तिचा वाटा कोन धरून बसतंय?"

पोराने माझ्याकडे बघितलं. वर्गात एका पोराला उत्तर आलं आणि दुसऱ्याला आलं नाही की मास्तर बघतात, तसं.

"आणि मेमरी?" मी विचारलं. कुठे तरी आपलंही ऐकलं गेलं पाहिजे. "मेमरीचा पण वाटाच का?"

"नाही," पोरगा म्हणाला. प्रोसेसर क्षणाक्षणाला फिरवता येतो, आत्ता तुझा, मग माझा. मेमरीत एकदा कुणी बसलं की उठायला वेळ लावतं. तिथे दोन रेघा मारायच्या. पहिली ओलांडली तर त्या कापातल्या कामांना हळू करून "सरका, सरका" म्हणायचं. दुसरी ओलांडली तर मारेकरी सोडायचा, पण त्याच कापात. शेजाऱ्याच्या तीनशे पानांवर नाही.

"म्हंजे पावसातली बंदी," आय म्हणाली. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. तिथे गिऱ्हाईक किती, होड्या किती, कुणी विचारत नाही. एकच होडी असली तरी बंद म्हणजे बंद. ही उपमा तंतोतंत बसत नाही, असं पोरगा पुटपुटला. बंदी माशांसाठी असते, आणि इथे मासे कोण ते त्याला ठरवता येईना. पण आजीला ते सांगायची त्याची हिंमत झाली नाही. मी मात्र त्या दिवसापासून दुसऱ्या रेघेला बंदीच म्हणतो.

तर आकडे ठरले. तिघांची वजनं शंभर-शंभर. पोराला मेमरीची पहिली रेघ दीड जीबीवर, बंदी दोनवर. त्याने आज्ञा दिल्या, माझ्या देखत 'मेक' सोडली, आकडा न देता, मुद्दाम. शेकडो कामं पुन्हा उसळली, हळू झाली, शेवटी त्यातली काही मेली. यंत्र जिवंत राहिलं. मी माझ्या खात्यात जाऊन अंक उघडला. उघडला! मी एका संपादकीयातला 'आणी' जागच्या जागी ऱ्हस्व केला. मूठभर मांस चढलं.

"झालं वाटून?" आयने बोंबलाचं ताट सरकवत विचारलं. "मग माजा वाटा कुठं हाय?"

"आजी, तू कुठे कॉम्प्युटर लावतेस?"

"नाय लावत. पन घरात मानसं किती?"

पोराने हिशेब केला. न वापरलेला वाटा इतरांनाच मिळतो, म्हणजे आजीला खातं देण्यात कुणाचंच काही जात नाही. त्याने 1003 नंबरचं खातं उघडलं. आणि आजीवरच्या प्रेमाने, शिवाय फुकटचं आहे म्हणून, तिच्या कापाचं वजन या व्यवस्थेत देता येतं ते सगळ्यात मोठं ठेवलं. 10000. पासवर्डसाठी तिने तिच्या बाजारातल्या जागेचा नंबर सांगितला. लालबागला, परळला, जिथे तिच्या मैत्रिणी आहेत तिथे सगळीकडे तिने फोन करून कळवलं, की नातवाने तिला कॉम्प्युटरमधला वाटा दिलाय.

मग तो वाटा पडून राहिला. आम्ही तिघं तो आपापसात खात होतो आणि ते आमच्या लक्षातही नव्हतं.

गणपतीच्या चौथ्या रात्री, साडेदहाला, पोरगा 'मेक' सोडून गच्चीवर गेला. सकाळी नऊला सबमिशन. आतलं काम मोबाइलवर बघता येतं, त्यामुळे तिथे मित्रांत उभा राहून तो टक्के मोजत होता. वीस, सव्वीस, एकतीस. साधारण बाराला होईल, असा हिशेब.

इकडे आयचे गुडघे धरले होते. लालबागच्या रांगेत यंदा उभं राहणं शक्य नव्हतं. भाचीने तिला खुर्चीत बसवलं, 1003 उघडून दिलं आणि राजाचं थेट दर्शन लावून दिलं. मोठ्या पडद्यावर, सगळ्यात स्वच्छ चित्र निवडून. आमच्या म्हाताऱ्या यंत्राला चित्रफितीची वेगळी सोय नाही. तसलं चित्र दाखवायचं म्हणजे त्याला चारही कोअर जुंपावे लागतात. एका बाजूला दहा हजार, दुसऱ्या बाजूला शंभर.

पावणेबाराला पोरगा जिना उतरून आला. मोबाइलवर चौतीस टक्के होते आणि गेली चाळीस मिनिटं चौतीसच होते. दारातच त्याला काय ते कळलं. वजन बदलायला एक ओळ पुरते. पासवर्ड त्याच्याकडेच. तो आजीच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. पडद्यावर झुंबरं लखलखत होती, माणसं पायाशी वाकत होती, एकही चौकट अडखळत नव्हती.

"क रं, उभा का?" आय मागे न वळता म्हणाली. "दर्शन घे. आता आरती हाय."

त्याने मोबाइल खिशात टाकला आणि हात जोडले. खिशात पस्तीस झाले असावेत.